ब्रेकमधली हवा

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करायचं. एकट्याने होतं म्हणणारे खूप भेटतात, त्यांनी माझ्या अंगणात येऊन करून दाखवावं. मी आठ दिवस खटपट केली. सीट आणि पेडलच्या मधे लाकडी पट्टी अडकवली, तर ती सटकली आणि थेट काचेवर आदळली. शेवटी मुलाला फोन लावला.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "पण दोनच तास हां, बाबा. आणि ठरलंय ना आपलं? सोमवारी आरटीओच्या तपासणीत नापास झाली, तर गाडी भंगारात."

"ठरलंय," मी म्हणालो.

खरं तर हा शब्द त्याने माझ्या तोंडून काढून घेतला होता. मागच्या थंडीत गाडी भर चौकात बंद पडली, चार अनोळखी माणसांनी ती कडेला ढकलली, आणि मला भांबावलेला बघून त्यातल्या एकाने माझ्याच खिशातला फोन काढून मुलाला कळवलं. त्या दिवशी मी कशालाही हो म्हणालो असतो.

गाडी छत्तीस वर्षांची. चार दारं, मागे ऐसपैस डिकी, बाहेरून बघाल तर बँकेतल्या कारकुनाने हप्त्यावर घेतली असावी अशी. मात्र बॉनेटखाली शर्यतीच्या गाडीसारखे दोन कार्ब्युरेटर, आणि मागे डिकीवर बोटभर उंचीची लाल अक्षरं, जी ओळखणाऱ्यालाच ओळखू यायची. तेव्हा अशा गाड्या निघायच्या. सासूबाई, मुलं, ट्रंका, सगळ्यांना पोटात घेऊन शहाण्यासारख्या चालायच्या, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांपुढे गेला की त्यांचा आवाजच बदलायचा. एखाद्या भिडस्त माणसाने अचानक खणखणीत शीळ घालावी तसा. आता रस्त्यावर बघतो ती सगळी फुगलेली धुडं, रागावलेल्या तोंडाची. आवाज मात्र मिक्सरचाही नाही.

आमची 'ही' गाडीला सवत म्हणायची. "जा, सवतीला अंघोळ घाला, मग माझ्याकडे बघा," असं दर रविवारी ऐकवायची. पण ब्रेकची हवा काढायची वेळ आली की पेडलवर पाय हिचाच. ती शाळेत शिकवायची. मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायची, पायाने पेडल दाबायची आणि हाताने लाल पेन चालवायची. मी खालून "धर" म्हणालो की वरून "धरलंय हो, सरकार" असं यायचं. त्या दिवशी वर्गातली निम्मी मुलं उगाच पास होत असणार.

ती जाऊन सहा वर्षं झाली. नंतर ब्रेकला हात लावायची वेळ आली नव्हती. या वर्षी मागच्या चाकाचा सिलिंडर गळायला लागला, तो मी नवा घातला, नळ्याही नव्या घातल्या. गाडी ठणठणीत होती. राहिली होती ती फक्त हवा काढायची.

रविवारी मुलगा आला. त्याची गाडी मागे घेताना गाणं म्हणते. ते संपल्यावर तो उतरला, मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "वाळलात."

"तूही," मी म्हणालो. "सूनबाई कशी आहे?"

"बरी आहे. चला, कुठे बसू?"

आम्ही दोघे समोरासमोर आलो की एवढंच बोलतो. भांडण नाही काही. त्याची आई असताना ती मधे असायची. त्याचं मला सांगायची, माझं त्याला. ती गेली आणि आमचा टपालवालाच गेला.

त्याला मी रीत समजावली. तीनदा दाबायचं, चौथ्यांदा दाबून तसंच धरायचं, आणि मी "सोड" म्हणेपर्यंत जीव गेला तरी पाय उचलायचा नाही. पाय उचललास तर हवा परत आत. मग मी मागच्या चाकाशी चटई टाकून आडवा झालो. तिथून मला फक्त ब्रेकचा ड्रम दिसत होता आणि निपलपासून बाटलीत सोडलेली पारदर्शक नळी. मुलगा दिसत नव्हता, त्यालाही मी दिसत नव्हतो.

"धर."

"धरलंय."

नळीतून बुडबुडे आले. निपल आवळलं. "सोड." पुन्हा. पुन्हा. पाचव्यांदा बुडबुडे कमी झाले आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "बाबा, घाटातली ती काळी गाडी आठवते?"

आठवत नाही असं होईल का! कुठल्याशा बड्या अधिकाऱ्याची गाडी होती, हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला बाजूला करून गेली. मी गिअर एक खाली टाकला आणि पुढच्याच चढावर तिला मागे टाकलं. मागच्या सीटवर हा उड्या मारत होता आणि त्याची आई म्हणत होती, "अहो, आपण भाजी आणायला निघालोय."

"मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं," तो वरून म्हणाला. "कुणाला खरं वाटेना. म्हणाले, ही तर साधी गाडी आहे."

तो हसला. मीही गाडीखाली हसलो. किती वर्षांनी ते मला आठवत नाही.

"धर."

"धरलंय." मग पाय तसाच दाबून धरत, "बाबा, तुमची सूनबाई तिच्या आईकडे राहते. चार महिने झाले."

माणसाने अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं. मी निपल आवळलं आणि म्हणालो, "सोड."

पण त्याला तेवढंही पुरलं. तो बोलायला लागला. भांडण मोठं नव्हतं म्हणाला, रोजचंच होतं, फक्त ते संपायचंच नाही. संध्याकाळी घरी गेलं की दिवा लावायच्या आधी दारातच उभा राहतो म्हणाला. हे मला माहीत होतं. त्याचं नव्हे, माझं. मीही तसाच उभा राहतो.

आठव्यांदा दाबलं तेव्हा नळीतून एकही बुडबुडा आला नाही. स्वच्छ, सोनेरी ब्रेक ऑइल. मागचं काम झालं होतं. पुढची चाकं मी उघडलीच नव्हती, म्हणजे सगळंच झालं होतं. "झालं" म्हणायचं, पाना ठेवायचा आणि उठायचं. मग तो हात धुणार, घड्याळ बघणार.

"अजून हवा आहे," मी म्हणालो. "धर."

"धरलंय," तो म्हणाला, आणि बोलत राहिला.

किती वेळा खोटं बोललो ते मोजलं नाही. तो त्याच्या नोकरीबद्दल बोलला. आईच्या शेवटच्या दिवसांत तो वेळेवर पोचला नव्हता, त्याबद्दल बोलला. मला वाटायचं, ते त्याला लागलंच नव्हतं. मी "धर" म्हणत होतो, "सोड" म्हणत होतो, आणि डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं.

मग तो म्हणाला, "बाबा, पाय पार खाली जातोय."

मी नळीकडे पाहिलं. नुसता फेस. बॉनेटखाली ऑइलची डबी असते, ती दर चार-पाच दाबांनंतर भरायची असते. हे शाळकरी पोरालाही कळतं. मी हयातभर पाणीपुरवठ्यात पंप सांभाळले. टाकी रिकामी होऊ दिली तर लाइनमध्ये हवा शिरते, हे मी तीस वर्षं लोकांना ओरडून सांगितलं. आणि त्या दिवशी मी डबीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. चांगलं ऑइल सगळं बाटलीत काढून टाकलं होतं, आणि बाटलीतलं फेसाळलेलं परत घालता येत नाही. घरात दुसरं नव्हतं, रविवारी दुकान बंद, आणि तपासणी सोमवारी सकाळी आठला.

मुलगा उतरला. रिकामी डबी, भरलेली बाटली, दोन्ही त्याने पाहिलं. त्यातलं त्याला काही कळत नाही.

"एवढे नवे भाग घालूनही हवा जात नाही," तो हळूच म्हणाला. "गाडी संपली, बाबा."

एका वाक्याचं काम होतं. गाडीला काही झालेलं नाही, तू बोलत राहावंस म्हणून मी खोटं सांगत होतो. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पण तो आता समोर उभा होता, आणि समोर आम्हाला जमत नाही.

"हो," मी म्हणालो. "वय झालं तिचं."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला पोरगा आहे. भंगारवाल्याशी बोलायचं कामही त्यानेच अंगावर घेतलं आणि ठरलेल्या वेळी निघून गेला.

बुधवारी भंगारवाल्याचा ट्रक आला. साखळी लावताना त्याने डिकीवरची लाल अक्षरं पाहिली आणि थबकला. "अशी आता बघायला मिळत नाही, काका. हिला झालंय काय?"

"काही नाही," मी म्हणालो. ज्याला सांगायचं होतं त्याला सोडून सगळ्या जगाला मी खरं सांगू शकत होतो.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "नेली का?"

"नेली."

"बरं झालं. तुमच्या मागची एक कटकट गेली." मग आवाज जरा खाली आणून, "वाईट वाटतंय का?"

"वाटतंय," मी म्हणालो. मग धीर करून विचारलं, "पुढच्या रविवारी येतोस?"

"पुढच्या? काही काम आहे का?"

मी घरभर नजर फिरवली. नळ गळत नव्हता, दिवे लागत होते, दारं नीट बसत होती. जे जे मोडलं ते मी त्याच दिवशी दुरुस्त करत आलो होतो.

"नाही रे," मी म्हणालो. "काम काहीच नाही."

"मग बघतो, बाबा," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.