दोन पानं मागे

चिठ्ठी पुढच्या बाकापर्यंत पोचलीच होती. क्रॉलीने ती मागे ओढली आणि मुठीत चुरगळली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात औषधवाला उभा होता, हातात विषविक्रीचं रजिस्टर. मार्चमध्ये पेनफोल्डबाईने उंदरांसाठी म्हणून सोमलाची पुडी नेली, खाली तिची सही. पोलिसांनी तेवढंच पान पाहिलं. नवऱ्याला विष घातलं म्हणून लंडनची वर्तमानपत्रं आठवडाभर बाईच्या गळ्याचं माप घेत होती. क्रॉलीने मात्र दुकानात जाऊन रजिस्टर चाळलं होतं. दोन पानं मागे खुद्द नवऱ्याच्या चार सह्या. ताकदीसाठी गडी स्वतःच सोमल खायचा. “दोन पानं मागे उलटा,” चिठ्ठीतलं एवढं म्हणायची खोटी, बाई सुटली.

पण म्हणणार कोण? बचावाचे बडे वकील, सर लायोनेल. बारा वर्षं विहीर क्रॉलीने खणायची आणि पाणी यांनी प्यायचं. उद्या पुन्हा छापून येणार, ‘सर लायोनेल यांचा अचूक वार’. हाताखालच्या वकिलाचं नाव छापायला शाई महाग पडते.

सर लायोनेल मागे वाकले.

“काही राहिलंय का रे, क्रॉली?”

“नाही, साहेब.”

“नक्की? तोंडावर काहीतरी दिसतंय तुझ्या.”

“दाढी नीट झाली नाही, साहेब.”

ते हसले. औषधवाल्याने रजिस्टर बगलेत मारलं, टोपी उचलली आणि तो गेला. तोच शेवटचा साक्षीदार. पुरावा संपला.

पडू दे म्हाताऱ्याला एकदा तोंडघशी, क्रॉली मनात म्हणाला. आरोपीच्या पिंजऱ्याकडे त्याने पाहिलं नाही.

बचावाच्या भाषणाला सर लायोनेल उठले, खोकले, पुन्हा बसले.

“घसा पार बसलाय,” ते कुजबुजले. “पण खरं सांगू? बसला नसता तरी तुलाच उभं करणार होतो. खटला तू बांधलास, बोल तूच. गाजव!”

क्रॉली उठला. पुराव्यात न आलेलं ज्यूरीपुढे बोलता येत नाही. औषधवाल्याला परत बोलवा, असं न्यायाधीशांना विनवता आलं असतं. पण मग मघाशी गप्प का बसलात, तेही सांगावं लागलं असतं.

वार्ताहरांनी पेन्सिली सरसावल्या.

“नाव काय रे याचं?” एकाने शेजाऱ्याला विचारलं.

राणीच्या कायद्यात आरोपीने स्वतः साक्ष द्यायची सोय नव्हती. पेनफोल्डबाई कठडा धरून पुढे वाकली.

“ज्यूरीतील गृहस्थहो,” क्रॉली म्हणाला.

आवाज छान लागला.