ताकाचे पाच लोटे

त्रेपन्न सालच्या वैशाखात शेळगावच्या शकुबाईची कडब्याची गंज तळाला टेकली. पाच पेंढ्या उरल्या. म्हणजे तिच्या वाट्याची एका दिवसाची वैरण, आणि पाऊस अजून महिनाभर लांब. नवरा बारामतीकडं गुऱ्हाळावर.

घर वेगळं झालं तेव्हा दोघी जावांत म्हैस तेवढी सामाईक राहिली. थोरल्या प्रयागबाईनं लोणी मागितलं. शकूनं ताक घेतलं, कारण तिच्या चार पोरांना भाकरी कुस्करायला ताकच लागायचं. वैरणीची वाटणी चुलत सासरे दत्तोबातात्यांनी अंगणातच करून टाकली. घुसळलं की लोणी निघायचं लोटाभर, ताक पाच लोटे. म्हणून रोजच्या कडब्यात प्रयागबाईची एक पेंढी, शकूच्या पाच. जिची वैरण चुकेल तिचा म्हशीवरचा हक्क संपला. माप डोळ्यांसमोर होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या. शकूनंही डोलावली होती, आणि आता तिला त्या मानेचाच राग येत होता.

प्रयागबाईच्या ओसरीवर बसलेल्या तात्यांपुढं ती जाऊन उभी राहिली.

"तात्या, लोण्याचं तूप हुतंय, तूप इंदापुरात इकलं जातंय. ताकाला कोण काय देतंय? मग माझ्या पाच पेंढ्या कशापायी?"

"मग इक की ताक," प्रयागबाई चुलीपासूनच म्हणाली. "शेळगावात पैलं नाव तुझंच हुईल."

ताक मागेल त्याला फुकट ओतायचं, हा गावचा रिवाज. ताक विकणारीच्या पोरी कुणी सून म्हणून केल्या नसत्या.

"तसं न्हाय. ज्याचं जेवढं मोल, तेवढी त्यानं वैरण घालावी. ताकाला मोल न्हाय, तर..."

"तर तुझी वैरण बी न्हाय," तात्या म्हणाले. शकूच्या जिवात जीव आला. "आन् जिची वैरण न्हाय, तिचा म्हशीत वाटा बी न्हाय. तुझ्याच तोंडानं बोललीस, पोरी."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पाच पेंढ्या घालून ती ताकाचा हंडा घेऊन वालचंदनगरच्या रस्त्याला बसली. कडब्याच्या गाड्या तिथून जायच्या. भर उन्हात एक गाडीवान थांबला, ओंजळीनं पोटभर प्याला, मिशा पुसल्या.

"पाच पेंढ्या द्या, दादा."

"कशाच्या?"

"ताकाच्या."

"कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

शकूनं गाव सांगितलं नाही. चाकाचा आरा धरून बसली. शेवटी त्यानं एक पेंढी ओढून टाकली. "धर्म म्हणून घ्या. ताकाचं न्हाय हां हे."

पुढचे दोघं ताक पिऊन नुसताच आशीर्वाद देऊन गेले. हंडा रिकामा झाला. त्या दिवशी पोरांनी कोरडी भाकरी चावली.

सकाळी तात्या पेंढ्या मोजायला उभेच होते. प्रयागबाईनं एक टाकली. शकूनं एक टाकली.

"एकाला एक झाली," ती म्हणाली. "मग निम्मं लोणी माझं. वैरणीपरमाणं वाटा, तुमीच म्हणाला."

तात्यांनी दोन्ही पेंढ्या पुन्हा मोजल्या. शकूच्या चार पेंढ्या कमीच होत्या, म्हणून प्रयागबाईनं दावं सोडलं आणि म्हैस आपल्या अंगणाकडं वळवली. शकू पुढं झाली आणि म्हशीच्या वाटेत मांडी घालून बसली. उठायचं कधी, हे तिनं ठरवलं नव्हतं.