नातेवाईकाचा नंबर

गुरुवारी सकाळी धुळाजी खांद्यावर घोंगडी टाकून जुन्या जालन्यातल्या लॅबच्या पायऱ्या चढले. सात पायऱ्यांत दोनदा थांबले. काउंटरवर त्यांची मुलगी रेणू बसली होती. तिने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

चार वर्षांपूर्वी नोकरीला लागताना तिने इथे सांगून टाकलं होतं, की वडील शाळेत गुरुजी होते.

"पिंपळगावचे हायेत, तुझ्याच गावचे की," शेजारची शीतल चिठ्ठी बघून म्हणाली. "वळखीचे का गं?"

"गावाकडचे आहेत," रेणू म्हणाली.

धुळाजींनी ते ऐकलं. डॉक्टरांना छातीत वेगळाच आवाज आला होता. हृदयाची झडप आवळली असावी म्हणून सोमवारी इको आणि त्याआधी रक्त, असं चिठ्ठीत होतं.

फॉर्मवरचे प्रश्न विचारणं भाग होतं. उत्तरं तिला पाठ होती.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

"आल्ता. दोन महिने पडून व्हतो."

"तंबाखू?"

"सोडली. पोरीनं सोडाया लावली."

शीतल हसली. "पोरगी लई कडक दिसती, बाबा."

"हाय. पुस्तकं वाचून राह्यती सारखी."

"नातेवाईकाचा नंबर?" रेणूने कागदाकडे बघतच विचारलं.

"न्हाई कुणी," धुळाजी म्हणाले. "वर माझा लिवलाय, तेवढा बास."

रक्त दिल्यावर त्यांनी बाही खाली ओढली, घोंगडी उचलली आणि हात जोडले. "येतो, म्याडम."

रेणू पाचला तिच्या खोलीवर गेली. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा जो घटक सव्वाशेच्या आत हवा, तो आठ हजारांवर गेल्याचं सहाला शीतलला कळलं. असा आकडा आला की नातेवाईकाला फोन करायचा, हा नियम. तो रकाना कोरा होता. धुळाजींचा फोन माळावर लागेना. शीतलने डॉक्टरांकडे निरोप ठेवला.

रेणूने संध्याकाळी शीतलला रिपोर्टचं विचारायला फोन हातात घेतला होता. गावाकडच्या एका माणसाची एवढी चौकशी कशाला, असं शीतलला वाटेल म्हणून ठेवून दिला. शुक्रवारी सकाळी कुंपणाच्या वाडग्यातून मेंढ्या बाहेर सोडतानाच धुळाजी कोसळले.

घरी काम आहे एवढंच कळवून रेणूने रजा घेतली. तेरावा उरकून ती कामावर आली, तर शीतलने तिच्यापुढे एक पाकीट ठेवलं.

"तुझ्या गावचे ते घोंगडीवाले बाबा. रिपोर्ट न्यायला कुणी आलंच न्हाई. किती फोन लावले मी! घरचे तरी कसे बघ, एवढ्या आजारी माणसाला एकलं धाडलं. ती कडक पोरगी कुठं गेल्ती मंग?"

रेणूने पाकीट उघडलं. रिपोर्टमागे गुरुवारचा फॉर्म जोडला होता. नातेवाईकाचा कोरा रकाना तिच्याच अक्षरातल्या दोन ओळींच्या मध्ये होता.

"इथंच होते मी," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "शीतल, मीच ती पोरगी. ते माझे आबा होते. गुरुजी नव्हते. मेंढ्या राखायचे."