रजेवरचे हात

काडेपेटीएवढी एक काच डोळ्यांसमोर आणा पाहू, मुलांनो. तिच्याखाली लाल उजेड, वर टेकलेला एक अंगठा, दाबून दाबून कडेने पांढरा पडलेला. आता त्या अंगठ्याजवळ नाक नेऊन उभं राहा, कारण आपली थोरली तशीच उभी आहे — खिडकीच्या कठड्यावर हनुवटी, श्वास कोंडलेला — आणि तिला मागची खेप आठवते आहे...

तेव्हा खिडकीवाल्या साहेबांनी आईचा अंगठा उलटसुलट करून पाहिला होता. बांधकामावर सिमेंट कालवून कालवून त्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. यंत्राला बोट दिसे, माणूस दिसत नसे. औषधाचं कार्ड आईच्या नावावर, म्हणून बाबांचा अंगठा चालत नव्हता. आणि अंगठा उमटल्याशिवाय सरकारी दवाखान्यातून धाकट्याचं झटक्यांचं औषध मिळत नव्हतं. मोठ्या कचेरीत अर्ज दिला, तो तिथेच मुरत पडला. शेवटी साहेबच आवाज खाली आणून म्हणाले, हातांना थोडा आराम द्या बाई, तेल लावा, रेषा परत येतात.

म्हणून आईचे हात रजेवर गेले. बाबा दोन पाळ्या करू लागले, भांडी-कपडे थोरलीकडे आले. आई तेल लावलेले हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखी बसे — बसायची सवयच नव्हती तिला — आणि शेजारची काकू दारातून विचारी, "काय राणीसाहेब, आज हातांची तब्येत कशी आहे?"

शाळेतून आलं की दार उघडं, आत आई. असं कधी झालंच नव्हतं. एका दुपारी आईने गालावरून हात फिरवला, तर तो खरखरला नाही. थोरली दचकली. परक्या बाईचा वाटला तो हात... आणि लगेच पुन्हा हवासा वाटला. ती मुद्दाम गाल पुढे करू लागली, तो हात उशाला घेऊन झोपू लागली. आणि तशी पडल्यापडल्याच कधीतरी तिच्या मनात आलं — तिने आणलं नाही, आपलंआपणच आलं — की रेषा परत आल्या, म्हणजे हे हात पुन्हा सिमेंटमध्ये जाणार. नाही आल्या तर...

पुढचं तिने मनात पुरं होऊ दिलं नाही. तुम्हीही दिलं नसतं.

औषधाच्या बाटलीचं बूड दिसू लागलं होतं. आई चमचा पुरता भरत नव्हती. काल जेवताना धाकट्याचा घास हातातच राहिला, डोळे वर गेले, आणि थोरली हातातलं भांडं टाकून धावली. नंतर तो हसला. आपल्याला काय झालं ते त्याला ठाऊकच नव्हतं. तिला ठाऊक होतं.

"अजून दाबा," आज खिडकीतून साहेब म्हणाले. यंत्र कुरकुरलं. पुन्हा दाबा. आता दुसरं बोट. रांगेतले एक आजोबा म्हणाले, चोराचे ठसे बरे भिंतीवरूनसुद्धा सापडतात, आणि चार माणसं हसली. थोरलीही हसली. मग तिला कळलं, आपण त्या विनोदाला हसलो नाही.

लाल उजेड विझला होता. बोट उमटलं नव्हतं. आणि धाकट्याचे ते वर गेलेले डोळे समोर दिसत असतानाच तिच्या छातीत काहीतरी हलकं हलकं उड्या मारत होतं.

"आणखी आराम द्या. मी वर पुन्हा लिहितो."

"औषध संपत आलंय हो साहेब."

"मला का कळत नाही, बाई..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं आणि मागच्याला पुढे बोलावलं.

बाहेर ऊन होतं. यंत्राने माझं ऐकलं — थोरलीच्या डोक्यात एवढंच फिरत होतं — आईचं नाही, साहेबांचं नाही, माझं. सांगून टाकावं का? आई मारणार नाही. वेडी आहेस म्हणेल, हसेल, गालावरून हात फिरवेल... आणि तेच तर नको होतं. नको होतं?

रस्ता ओलांडायला आईने हात पुढे केला. मऊ, तेलाने चकाकणारा. थोरली क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग बोटं सोडून तिने वरचं मनगट धरलं, जिथे कातडी अजून खरखरीत होती, आणि ते घट्ट धरून ती चालू लागली.