फुगलेले ठिपके

प्रयोगशाळेतल्या पेशींना खाऊ घालायचं द्रावण वीस वर्षं मीच बनवते. शिकवलं कुणी नाही, बघत बघत हात बसला. सगळे मावशी म्हणतात, आणि काही नासलं की आधी माझ्याकडेच बघतात.

त्या सकाळी आमची संशोधक पोरगी खुशीत होती. क्लॅमिडिया हा जंतू पेशीच्या आत शिरतो, स्वतःभोवती फुगा करतो आणि त्यात बिनधास्त वाढतो. पेशीतल्या पहारेकऱ्यांना चाहूल लागली की पेशी शेजारणींना हाक मारते. हाक म्हणजे एक प्रथिन, ते मोजता येतं. हिच्या पेशी मात्र मुक्या होत्या.

"मावशी, जंतूने पहारेकऱ्यांची तोंडंच बांधलीत. असं कुणी पाहिलेलं नाही. सर दुपारी पेपर छापायला पाठवताहेत."

"बघू तरी तुझा गुन्हेगार."

मी सूक्ष्मदर्शकात डोकावले. फुग्यात वाळूसारखे बारीक ठिपके, म्हणजे जंतू, खच्चून भरलेले हवेत. इथे मोजकेच, टम्म फुगलेले. मी डोळा काढला आणि तिच्या बाटल्यांकडे पाहिलं.

भलते जंतू लागू नयेत म्हणून इतरांच्या द्रावणात मी पेनिसिलिन घालते. हिच्या बाटल्यांत ते चालत नाही. त्याने क्लॅमिडिया मरत नाही, वाढायचं सोडून रुसल्यासारखा फुगून बसतो. मग पहारेकऱ्यांना तरी जाग कशी येणार?

द्रावणांची वही उघडली. तिच्या बाटल्यांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नेहमीप्रमाणे'. म्हणजे पेनिसिलिन घालून.

गप्प बसले असते तर आज तरी कुणाला कळलं नसतं.

"पोरी, जंतूने काही केलेलं नाही. मी केलंय."

तिने ती ओळ दोनदा वाचली. "तीन महिने, मावशी."

"हो."

"सरांना काय सांगायचं?"

"मी सांगते. तू नुसती शेजारी उभी राहा."

सरांनी चष्मा काढून पुसला. "वीस वर्षांत पहिली चूक?"

"सापडलेली पहिली."

पेपर थांबला.

नवं द्रावण केलं तेव्हा ती शेजारी उभी राहून प्रत्येक बाटली तपासत होती. जरा टोचलं, पण मीच एकेक बाटली तिच्यापुढे धरली. दोन दिवसांनी फुगे ठिपक्यांनी भरले आणि पेशींची हाक खणखणीत मोजली गेली. जगाला आधीच ठाऊक असलेली हाक. शोध वगैरे काही नाही.

तिने आकडे उतरवून घेतले. "ओरडतायत की छान," ती म्हणाली. "मावशी, सोमवारी सहा बाटल्या लागतील. त्यात काय घालायचं नाही?"

"पेनिसिलिन."

"परत एकदा."

मी परत सांगितलं. तिने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि वही लिहायला माझ्याकडेच सरकवली.