कापशीच्या डोळ्यांखालचा डाग

लाँड्रीत कपडा आला की डागमास्तर आधी एकच प्रश्न विचारत, डाग कशाचा? चहाचा, शाईचा, गंजाचा. जसा डाग तसा इलाज. तीस वर्षांत एकही डाग आपल्याला हरवू शकला नाही, असं ते सांगत. तेही न विचारता. मग धाकट्या बहिणीची कुत्री घरी आली आणि दिव्याखालचा अंधार साऱ्या गिऱ्हाइकांना दिसला. अंगानं पांढरीशुभ्र कापशी, आणि दोन्ही डोळ्यांखाली विटकरी रंगाचे ओघळ.

बहिणीला घर बदलायचं होतं, म्हणून तीन महिन्यांपुरती कापशी दादाकडे आली. जाताना बहीण सांगून गेली की ही जन्माची रडकी आहे, तिचे डाग काही जायचे नाहीत. मास्तरांना ते झोंबलं. त्याच संध्याकाळी ते दुकानातली डाग काढायची बाटली घेऊन कापशीपुढे बसले. डाग कशाचा, हे विचारायचं मात्र या एका वेळी विसरले.

बायकोनं बाटली हातातून काढून घेतली. "कपडा आहे का तो? डोळा आहे तिथे."

मास्तर ओशाळले आणि दुसऱ्या दिवशी कापशीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी डोळे नीट तपासले. आजार नव्हता. नाकाजवळचे केस डोळ्यांत टोचत होते, म्हणून पाणी गळत होतं, आणि सतत ओले राहून खालचे केस रंगत होते. टोचणारे केस बाईंनीच कापले. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून सकाळ-संध्याकाळ हलकेच पुसायचं, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, मग मऊ फडक्यानं कोरडं टिपायचं. साबण नाही, औषध नाही. रंगलेला केस मात्र पांढरा होणार नाही. मुळाशी नवा येईल, तो पांढरा असेल. तोवर थांबायचं.

थांबायचं, असं मास्तरांना धंद्यात कुणी कधी सांगितलं नव्हतं. पहिले आठ दिवस ते भिंग घेऊन कापशीच्या मागे फिरले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं बायको म्हणे, पण पाणी कोमट करायला तीच आधी उठू लागली. हळूहळू वाटीचा आवाज आला की कापशी आपणहून येऊन मास्तरांच्या मांडीवर हनुवटी टेकायची. पुसता पुसता ते तिला दुकानातल्या चहाड्या सांगत, आणि ती सगळं पोटात ठेवी. सहाव्या आठवड्यात डोळ्यांखाली बोटाच्या पेराएवढी पांढरी पट्टी दिसली. नवरा-बायको दोघंही चष्मे लावून ती पट्टी बघत बसले आणि दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

पण तीन महिने भरत आले. कापशी गेली तर घर खायला उठेल, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. ताकाला तूर मात्र त्यांनी लागू दिली नाही. दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करून परत द्यायची, हाच तर त्यांचा धंदा. शनिवारी त्यांनी उरलेली विटकरी टोकं छाटायला कात्री उचलली, आणि तशीच खाली ठेवली. डाग कापून काढायचा आणि गेला म्हणायचं, ही लबाडी त्यांनी कुणाच्या रुमालावरही केली नव्हती.

रविवारी बहीण टोपली घेऊन आली. कापशीनं तिला चाटून चाटून हैराण केलं. मग बहिणीनं तिचं तोंड हातात धरलं आणि बघतच राहिली. टोकाला विटकरी, मुळाशी दोन बोटं पांढरं. तिच्याकडे असताना मुळापासून टोकापर्यंत सगळं विटकरीच असे.

"दादा, हे रोज करतोस तू?"

मास्तर म्हणाले, हो, दोन वेळा, त्यात विशेष काय. कापशी तिच्या मांडीवरून उतरली आणि मास्तरांच्या पायांवर जाऊन आडवी झाली.

"माझ्याच्यानं हे रोज झालं नसतं," बहीण म्हणाली. "राहू दे तिला इथेच. मी येत जाईन भेटायला."

येशील तेव्हा जेवायलाच ये, वहिनीनं लगेच सांगून टाकलं. मास्तरांनी कापशीला उचललं आणि भर दुपारी घरभर नाचवलं. शेवटी ती शिंकली तेव्हा कुठे थांबले.