रायपूर ते पुणे, न अटकता

रेल्वेत मी गार्ड होतो, मालगाडीचा. म्हणजे गाडीच्या अगदी शेवटी, ब्रेकव्हॅन नावाच्या पिंजऱ्यात एकटा बसून हिरवा झेंडा हलवण्यात नोकरी गेली. आता त्याच गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. मी रिटायर झाल्यावर म्हणायला लागले. वरातीमागून घोडं. पण त्या पिंजऱ्यातल्या एकटेपणाचा निदान पगार मिळायचा. रायपूरच्या गुढियारीतल्या या दोन खोल्यांत तेच काम फुकटात करावं लागतं.

गोदावरी, माझी बायको, गेली तेव्हा मुलगा शिशिर पुण्याहून आला. तेरवी होईपर्यंत राहिला. जाताना कॉलेजातला आपला जुना कॉम्प्युटर त्यानं माझ्या टेबलावर मांडला, जॉयस्टिक जोडली आणि विमान उडवायचा खेळ मला शिकवून गेला. खेळ म्हटलेलं त्याला चालत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. त्यात खरे नकाशे, खरं हवामान, खरे विमानतळ. दोन माणसं दोन गावांत बसून एकाच आकाशात उडू शकतात आणि कानाला हेडफोन लावून बोलू शकतात.

दर रविवारी सकाळी आम्ही बापलेक रायपूरच्या माना विमानतळाच्या धावपट्टीवर आपापलं छोटं जेट उभं करायचो आणि पुण्याला निघायचो. मला विमानाचं काही वेड नाही, खऱ्या विमानात तर मी अजून पायही ठेवलेला नाही. मला हवं होतं ते बोलणं. फोनवर आम्ही काय बोलतो? जेवले का, हो. गोळी घेतली का, हो. ठेवू का, ठेव. पण हात जॉयस्टिकवर असले की पोट्ट्याचं तोंड सुटायचं. ऑफिसातला खडूस साहेब, सूनबाईनं उचलून आणलेलं मांजराचं पिल्लू, पुण्यातलं पार्किंग. कधी मधेच आईचं नाव निघायचं. तो रविवार मला पुढच्या रविवारपर्यंत पुरायचा.

आणि तोच हातचा जायची वेळ आली, कारण माझं विमान अटकायचं.

पडदा झटके द्यायचा. समोरचं शहर थिजायचं, मग एकदम पुढे सरकायचं, परत थिजायचं. शिशिरला म्हणे माझं विमान बेडकासारखं उड्या मारताना दिसायचं. कसाबसा त्याच्या मागे जायचो, आणि वैनगंगा ओलांडली न ओलांडली की सगळं गोठायचं. मग कॉम्प्युटर बंद करून भाताचा कुकर लावायचा. इतक्या रविवारांत मी एकदाही पुण्याला पोचलो नव्हतो. शिशिरचं बोलणंही हळूहळू आटलं होतं. मी दहा वाक्यं बोललो की त्याचं एक 'हम्म'. माझ्या झटक्यांना कंटाळला असेल, असं मी धरून चाललो.

एका रविवारी तो बोललाच. "बाबा, ऐसे मजा नहीं आता. आप तो आधे रास्ते में अटक जाते हो. छोड़ देते हैं ना."

"काहून सोडतं? मी नवं सामान टाकतो ना त्याच्यात."

"तो ग्राफिक कार्ड डाल लो. अच्छा वाला. बस, हो जाएगा."

समता कॉलोनीत अनुश्रीचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. त्यामुळे माझ्यासारखे रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून आलेले लोक तिच्या लेखी अजून पाहुणेच. बाई कामाला चोख, जिभेला तिखट.

"नाना, आधी बघू तर द्या कुठे अटकून राहिलं," ती म्हणाली. "कार्डच कमी पडते असं काहून धरून चालता?"

"पोट्ट्यानं सांगितलं आहे. कार्डच पाहिजे."

"पोट्ट्यानं मशीन उघडून पाहिली का?"

मी आवाज चढवला. गार्डाची एक खोड असते. गाडीला झटका बसला की तो आधी ड्रायव्हरला शिव्या घालतो. दोष पुढेच, इंजिनातच, दुसरीकडे असूच शकत नाही. मी दुकानातलं सगळ्यात दांडगं इंजिन मागितलं. अनुश्रीनं हात जोडले आणि विटेएवढं ते कार्ड बसवून दिलं. त्याला वीज पुरेना म्हणून पॉवर सप्लायही बदलावा लागला. कार्डाला निळे-तांबडे दिवे होते, खोलीत गणपती बसवल्यासारखं वाटायचं.

रविवारी पुन्हा तेच. फरक इतकाच की गोठलेली वैनगंगा आता फार सुंदर दिसत होती.

"फिर भी अटका?" शिशिर म्हणाला. "चलो, अगले संडे एक बार और देखते हैं. नहीं तो रहने दो बाबा, सच में."

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून अनुश्रीकडे गेलो. ती हसली नाही, हे तिचे उपकार. संध्याकाळी घरी आली, मला विमान उडवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसून पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे बघत राहिली.

"हे बघा. कार्ड तर आरामात बसून राहिलं, पाव काम बी नाही त्याले. मार खाऊन राहिला तो प्रोसेसर. खालचं गाव, झाडं, हवा, तुमचं विमान, शिशिरचं विमान, सगळ्याचा हिशोब आधी तो करते, मग कार्ड चित्र काढते. त्याचाच हिशोब होत नाही तर कार्ड करणार काय?"

"म्हणजे इंजिन तयार उभं आहे अन् सिग्नल भेटून नाही राहिला."

"हव! अन् मेमरी भरली की सगळा माल जुन्या हार्ड डिस्कवरून आणा लागते. ती तर बैलगाडी आहे तुमची."

मग तिनं डब्याच्या आतलं सगळंच बदललं. प्रोसेसर निवडताना मी सवयीनं मोठ्यातला मोठा मागितला, तर म्हणाली, पुष्कळ कोअर असलेला नको, प्रत्येक कोअर वेगवान असलेला पाहिजे, आणि त्याची स्वतःची कॅश, म्हणजे हाताशी असलेली मेमरी, मोठी पाहिजे, सिम्युलेटरला तीच लागते. मेमरी चौपट केली. हार्ड डिस्क काढून बोटाएवढी एसएसडी बसवली. वाय-फायवर फुली मारून भिंतीकडेनं इंटरनेटची वायर आणली. सगळ्यात शेवटी तिनं चित्रांचा वेग बांधून टाकला.

"सेकंदाले कधी साठ चित्रं येते, कधी पंधरा, म्हणून झटका बसते. आपण तीसच धरू. पण तीस म्हणजे तीस, सारखे."

मालगाडीवाल्याला हे शिकवावं लागत नाही. पळणारी गाडी आणि सारखी चालणारी गाडी यांतला फरक शेवटच्या डब्यात बसणाऱ्याच्या कंबरेला ठाऊक असतो. मी मान डोलावली. जाताना अनुश्री म्हणाली, "आता अटकलं तर माझं नाव बदला, नाना." सहलीच्या आदल्या रात्री लहान पोराला येत नाही, तशी त्या रात्री मला झोपच आली नाही.

रविवार उजाडला. "रेडी बाबा? चलो," शिशिर म्हणाला आणि आम्ही उठलो.

काय सांगू! पडदा असा चालला होता की आपण बसलोय हेही विसरावं. अभनपूरवर वळसा घेतला, खाली शेतांचे तुकडे एकामागून एक सरकत गेले, कुठे हिसका नाही. शिशिरचं पांढरं विमान मला आजवर टिंबाएवढंच दिसलं होतं. आज मी त्याच्या अगदी बाजूला होतो, खिडक्या मोजता याव्यात इतका. मला हसूच आवरेना.

"शिशिर, पाहून राहिला का? मक्खन!"

"हम्म. बढ़िया, बाबा."

मी बोलत सुटलो. अनुश्रीनं काय काय बदललं, कार्डाच्या बाबतीत माझी कशी फजिती झाली, सगळं. वैनगंगा आली. मी जॉयस्टिक घट्ट धरली. नदी आली, पाण्यावर ऊन चमकलं, आणि ती मागे गेलीसुद्धा. इथून पुढचा मुलूख मी या खुर्चीतून कधी पाहिलाच नव्हता.

पुढे वरोरा आलं. गोदावरीचं माहेर. दर उन्हाळ्यात शिशिर तिथे जायचा, मामाच्या सायकलवरून पडून त्याचा दात तिथेच तुटला होता.

"शिशिर, खाली बघ. वरोरा. मामाचं घर इथंच कुठं तरी असंल रे."

उत्तर नाही. म्हटलं, आवाज गेला असेल. हेडफोनचं बटण फिरवलं, वायर खोचून पाहिली. आवाज नीट येत होता. दूरवर मिक्सर चालू होता. मिक्सर थांबला, भांडं वाजलं आणि कुणीतरी खळखळून हसलं. शिशिरच. त्याचा हेडफोन टेबलावर पडला होता आणि तो आतल्या खोलीत होता.

"अरे, बाबा तिकडे बोलत असतील ना?" ही गंधाली, माझी सून.

"नाही गं. त्यांचं आत्तापर्यंत अटकलं असेल. नेहमी तिथेच अटकतं. विमान काय, ऑटोपायलटवर जातंय."

माझ्याशी हिंदीत बोलणारा पोट्टा तिच्याशी स्वच्छ पुणेरी मराठीत बोलत होता. ते आधी टोचलं. मग बाकीचं पोचलं. म्हणजे मी मागे पडायचो तेव्हा पुढच्या विमानात कुणी नसायचंच. किती रविवार, देव जाणे. मी अटकायचो म्हणून मला कळलं नाही, आणि मी अटकायचो म्हणून त्याला जाता यायचं. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाची मला सवय आहे. पण नुसतं वाईट वाटलं. 

फोन लावावा असं मनात आलं. पण म्हणायचं काय? की मी नाही अटकलो, ये परत? हेडफोन काढून ठेवावा, असंही वाटलं. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये. पण तो पुन्हा हसला, आणि त्याला असं हसताना ऐकून मला वर्ष उलटून गेलं होतं. हेडफोन कानावरच राहिला. त्यांची खुर्ची सरकली, मांजर ओरडलं, गंधालीनं आणखी एक डोसा हवा का विचारलं. त्याच्या रिकाम्या विमानाच्या बाजूनं मी मराठवाडा ओलांडला, नगरही मागे टाकलं.

मग पुणे आलं. धावपट्टी समोर स्वच्छ दिसत होती. उतरायचं कसं हे मला तोंडपाठ होतं, आठवडाभर दुसरं केलं काय होतं मी? पण शिशिरचं विमान खाली येईना. ऑटोपायलट वाट दाखवतो, विमान उतरवत नाही. उतरवायला माणूस लागतो. ते पांढरं विमान होतं त्याच उंचीवर पुण्यावरून सरळ पुढे निघालं.

गाडी मधेच उभी राहिली, ड्रायव्हर नाहीसा झाला, तरी गार्डानं गाडी सोडायची नसते. मी चाकं उघडली होती ती परत आत घेतली आणि त्याच्या बाजूला जाऊन लागलो. खाली घाट आले, मग कोकणाची हिरवी पट्टी, मग किनारा. मग सगळीकडे पाणी. पडदा अजूनही कुठे अटकत नव्हता. अनुश्रीनं काम चोख केलं होतं.

बऱ्याच वेळानं हेडफोनमध्ये खरखर झाली.

"हाँ बाबा, हो क्या?" आणि लगेच, "ये पानी कैसा? ये कहाँ आ गया?"

"समुद्र होय. पुणं मागं गेलं."

मग त्याला खिडकीबाहेर मी दिसलो असणार.

"बाबा... आप अटके नहीं?"

"नाही."

"पूरे टाइम साथ में थे?"

"हो."

आमची दोन विमानं पाण्यावरून सरळ चालली होती. शिशिरचा श्वास मला ऐकू येत होता. बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी लहान झाला होता, आणि बोलला तो आमच्या घरातल्या बोलीत.

"बाबा, तुम्ही पुण्याले उतरले काहून नाही?"

मी काहीतरी चावरं बोलणार होतो. जिभेवर आलंही होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"मले करमत नाही रे शिशिर," मी म्हणालो. "तुझी आई गेल्यापासून मले घरात बिलकूल करमत नाही."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी समोर बघत बसलो. मग त्याच्या विमानाचं नाक जरा वर झालं, पंख डगमगले. ऑटोपायलट असा डगमगत नाही. त्यानं जॉयस्टिक हातात घेतली होती.